ड्रॅगन फ्रूट दारात लावा, पण प्लेटलेटसाठी नव्हे

पावसाळा लागला की शहापूर-मुरबाडच्या वाड्यावस्त्यांत घरागणिक एक तरी माणूस तापाने अंथरुणाला खिळलेला दिसतो. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. कागदावर प्लेटलेटचा आकडा खाली गेलेला दिसला की घरातला कर्ता माणूस हातातले काम टाकून कल्याणच्या किंवा वाशिंदच्या बाजारात धावतो आणि दोन किवी, दोन ड्रॅगन फ्रूट घेऊन येतो. कोणीतरी सांगितलेले असते की, या फळाने प्लेटलेट वाढतात. हे सांगणारा शेजारी असतो, मोबाइलवरचा संदेश असतो, कधी कधी फळवालाच असतो. ज्या घरात रोजंदारीवर चूल पेटते, त्या घराचा एका दिवसाच्या मजुरीतला मोठा हिस्सा असा दोन फळांवर जातो. बरे, कोणी अडवायला जावे तर, "पोराच्या जिवापेक्षा पैसा मोठा आहे का?" असा प्रश्न येतो आणि बोलणाराच गप्प होतो.

आम्हाला या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. पैसा जिवापेक्षा मोठा नाही हे खरेच. म्हणूनच तो जिथे जीव वाचतो तिथे खर्च झाला पाहिजे. ड्रॅगन फ्रूट खाल्ल्याने डेंग्यूच्या रुग्णाच्या प्लेटलेट वाढतात याला भक्कम शास्त्रीय आधार नाही. डेंग्यू हा विषाणूचा ताप आहे. बहुतेक रुग्णांत ताप उतरल्यावर काही दिवसांनी प्लेटलेट आपल्या आपण वर येऊ लागतात. नेमके त्याच दिवसांत घरचे फळ भरवत असतात, म्हणून श्रेय फळाला मिळते. रुग्णाला खरी गरज असते ती पाण्याची, जलसंजीवनीची, पेजेची, ताकाची, विश्रांतीची. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल पुरते. अंगदुखीसाठी मेडिकलमधून ॲस्पिरिन, ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखी गोळी आणून परस्पर देऊ नये, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये. धोक्याचे दिवस बहुधा तेव्हाच सुरू होतात. पोटात जोराचे दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, माणूस सुस्त किंवा चिडचिडा होणे, यांपैकी काहीही दिसले तर फळाच्या दुकानात न जाता सरळ सरकारी दवाखाना गाठावा.

एवढे सांगून झाल्यावर वाचकांना वाटेल की आम्ही या फळाच्या विरोधात आहोत. तसे अजिबात नाही. फळ चांगले आहे. ते औषध म्हणून विकत आणू नये, फळ म्हणून घरी पिकवावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि आपल्या भागात ते पिकते का, कोणत्या जातीचे पिकते, काय सांभाळावे लागते, हे आजच्या पानाचे खरे काम आहे.

फळात काय आहे

ड्रॅगन फ्रूटच्या गरात शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास भाग पाणीच असते. बाकी साखर, चांगल्यापैकी तंतू आणि थोडी खनिजे. तंतूंमुळे पोट साफ राहते. पचायला हलके, लहान मुलांना आवडणारे, आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव आणणारे असे हे फळ आहे. क जीवनसत्त्व त्यात असते, पण आपल्या परसातल्या गावठी पेरूत त्याच्या कितीतरी पट असते आणि आवळ्यात त्याहूनही अधिक. ज्यांच्या दारात पेरूचे झाड आहे त्यांनी स्वतःला गरीब समजू नये.

दुसरा गैरसमज रंगाचा. लाल गराचे फळ रक्त वाढवते, असे बायकाबायकांत सांगितले जाते. तो लाल रंग बीटाच्या रंगाच्या कुळातला आहे. त्याचा रक्ताशी संबंध नाही आणि या फळात लोह फारसे नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हा प्रश्न लाल फळाने सुटणारा नाही. त्याला आशाताईंकडून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या, शेवग्याचा पाला, कडधान्ये, अळीव, सुकट, मटण-कलेजी आणि जेवणावर पिळलेले लिंबू हेच लागते. आणि एक जाता जाता. लाल गराचे फळ खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवी किंवा शौच लालसर दिसू शकते. घाबरून जाऊ नये. फळ खाल्लेले नसताना मात्र लघवी लाल दिसली तर लगेच तपासून घ्यावी.

मधुमेहाच्या माणसाने अर्धे फळ चावून खावे, रस काढून पिऊ नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहारविषयक सूचनांत माणशी रोज १०० ग्रॅम फळ सांगितले आहे. आपल्या वस्तीतल्या किती घरांत रोज फळ येते? करवंदे-जांभळांचा महिना सोडला तर बहुतेक घरांत फळ आजाऱ्यालाच मिळते. दारातल्या वेलाचे मोल इथे आहे.

पाण्याचा तालुका आणि पाण्याची टंचाई

भातसा, तानसा, मोडक सागर ही धरणे शहापूर तालुक्याच्या परिसरातली. मुंबईची तहान यांवर भागते. पण त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते आणि हंड्यामागे हंडा डोक्यावरून आणणारी बाई आपलीच असते. मुरबाडच्या डोंगरकडेच्या गावांची गोष्ट फार वेगळी नाही. अशा ठिकाणी परसबाग करा म्हणून उपदेश करणाऱ्याला आधी विचारावे, पाणी कोण आणणार?

ड्रॅगन फ्रूट इथे उपयोगी पडते ते यामुळे. हे झाड निवडुंगाच्या कुळातले आहे. मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे, रानात दुसऱ्या झाडांच्या आधाराने चढणारे. याची मांसल खोडे पाणी साठवून ठेवतात आणि त्यांवरची सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडतात, त्यामुळे उन्हात पाणी उडून जात नाही. उन्हाळ्यात मोठ्या कुंडीतल्या वेलाला आठवड्यातून दोनदा दोन-तीन लिटर पाणी दिले तरी तो तगून राहतो. तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी चालते. साबणाचे आणि भांडी घासल्याचे पाणी मात्र घालू नये.

महाराष्ट्रात या पिकाचे नाव झाले ते कोरड्या भागातून. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील तडसर गावच्या शेतकऱ्यांचे ड्रॅगन फ्रूट जून २०२१मध्ये दुबईला निर्यात झाले. बारामतीजवळ माळेगावला २००९पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. उथळ, खडकाळ, कमी पाण्याच्या जमिनीत काय पिकू शकते याचा अभ्यास तिथे चालतो आणि ड्रॅगन फ्रूट हे त्यातले एक महत्त्वाचे पीक. त्याच वर्षी, म्हणजे जानेवारी २०२१मध्ये, गुजरात सरकारने या फळाला 'कमलम' असे नाव दिले. नाव बदलल्याने फळाचे गुण बदलत नाहीत, ते सोडून देऊ.

आपल्याकडे मात्र बारामतीची पद्धत जशीच्या तशी चालत नाही. तिकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे दोन हजारांच्या वर आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तिकडची चिंता पाणी कसे पुरवावे ही. आपली चिंता दुहेरी आहे. एप्रिल-मेमध्ये मुरबाडचा पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा वेल भाजतो आणि जुलैमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा तोच वेल कुजतो. या दोन गोष्टी ज्याने सांभाळल्या त्याला फळ मिळते. बाकी खत, औषध, यांचा बाऊ करण्याची गरज नाही.

उन्हाचे आधी. भाजलेल्या खोडाची नैऋत्येकडची बाजू पिवळी, मग पांढुरकी पडते आणि पुढे पावसात तिथूनच कूज शिरते. म्हणून वेल घराच्या पूर्वेला लावावा. सकाळचे ऊन मिळेल, दुपारी भिंतीची सावली येईल. पत्र्याच्या भिंतीला किंवा पत्र्याच्या छपराला टेकवून लावू नये, कारण तापलेला पत्रा खोड शिजवून काढतो. मार्चच्या मध्यापासून पहिल्या वळवापर्यंत बांबूच्या चार काठ्यांवर जुनी सुती साडी बांधली तरी काम भागते. जाळी विकत घ्यायलाच हवी असे नाही.

पावसाचे दुखणे जास्त मोठे. भाताच्या खाचरातली चिकण माती या वेलाला विष आहे. जमिनीत लावायचा असेल तर फूट-दीड फूट उंच उंचवटा करून त्यावर लावावा, म्हणजे पागोळ्यांचे पाणी मुळाशी थांबणार नाही. एक घमेले तांबडी माती, एक घमेले जाडी रेती किंवा विटांचा चुरा, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत, आणि त्यात गिरणीतले भाताचे तूस मिसळले की मिश्रण भुसभुशीत होते. चुलीची राख घालायची तर मूठभरच. खोडाचा एखादा भाग मऊ, पाणीदार, तपकिरी झाला तर उकळत्या पाण्यातून काढलेल्या सुरीने चांगला हिरवा भाग लागेपर्यंत कापून टाकावा आणि ते तुकडे खतात न टाकता दूर नेऊन जाळावेत. पावसाळ्यात कोवळ्या फुटव्यांवर गोगलगायी येतात. त्या संध्याकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

कांडी कधी लावावी याबद्दल पुस्तकांत जून-जुलै लिहिलेले असते. शहापूर-मुरबाडसाठी आम्हाला ते पटत नाही. जुलैच्या धारेत ताजी कांडी मूळ धरण्याआधीच सडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिशवीत, सावलीत कांडी रुजवावी, पावसाळाभर ती ओसरीला ठेवावी आणि पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात, कायमच्या जागी लावावी. पुढचा उन्हाळा येईपर्यंत तिची मुळे जमिनीत बसलेली असतात.

कोणती जात घ्यावी

बाजारात तीन प्रकार दिसतात. गुलाबी साल आणि पांढरा गर, गुलाबी साल आणि लाल गर, पिवळी साल आणि पांढरा गर.

घरी एकच वेल लावणार असाल तर पांढऱ्या गराचा घ्यावा. त्याचे फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळते. चव जरा फिकी, पण वेल काटक. लाल गर अधिक गोड लागतो, बाजारात त्याला भावही जास्त, पण लाल जातींत काहींचे फूल स्वतःच्या परागाने फळतच नाही. त्यांना दुसऱ्या जातीचा पराग लागतो. वेल हिरवागार, फुले टपोरी आणि फळ मात्र एकही नाही, अशी तक्रार ऐकू येते तिचे कारण पुष्कळदा हेच. 'जम्बो रेड' या नावाने मिळणारी जात स्वतः फळणारी म्हणून महाराष्ट्रात पसरली आहे. मात्र रोपवाटिकांतली नावे फार भरवशाची नसतात. ज्याच्या घरच्या वेलाला फळ लागलेले आपण डोळ्यांनी पाहिले त्याच्याकडची कांडी घ्यावी हे उत्तम. जागा असेल तर एक पांढरा आणि एक लाल शेजारी-शेजारी लावावा.

पिवळ्या सालीच्या जातीची चव सगळ्यांत गोड, पण तिच्या मागे लागू नये. ती दक्षिण अमेरिकेतल्या थंड डोंगराळ भागात रमणारी. फुलापासून फळ पिकायला तिला चार-पाच महिने आणि त्याहूनही जास्त लागतात, जिथे गुलाबी सालीचे फळ महिना-पस्तीस दिवसांत तयार होते. मुरबाडच्या मे महिन्यात तिचे हाल होतील.

आपले नातेवाईक सगळीकडे पसरलेले असतात म्हणून त्यांच्यासाठीही दोन शब्द. नागपूर-चंद्रपूरकडे ऊन पंचेचाळीसच्या पुढे जाते. तिथे पांढरा किंवा लाल कोणताही लावा, पण उन्हाळ्याचे तीन महिने सावली पक्की हवी. कसारा घाट चढून इगतपुरी-नाशिककडे गेले की हिवाळ्यात वाढ थांबते. तिथे थंडीत पाणी जवळजवळ बंद करावे. दव गोठण्याइतकी थंडी पडली तर कोवळे फुटवे काळे पडतात, रात्री गोणपाट पांघरावे. उल्हासनगर-अंबरनाथच्या चाळीत जिथे दिवसाला तीन-चार तास ऊन येते तिथे वेल वाढेल, पण फुले कमी येतील. निदान सहा तास ऊन नसेल तर तिथे या वेलाऐवजी पुदिना-कोथिंबीर लावलेली बरी.

पिंप, टायर आणि डास

कुंडी म्हणून अर्धे कापलेले प्लास्टिकचे पिंप सोयीचे, बुडाला बोटाएवढी सात-आठ भोके पाडून. पण पिंप कुठून आले ते पाहावे. मुरबाड, बदलापूर, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींतून रसायनांची रिकामी पिंपे भंगारात येतात आणि वस्तीत स्वस्तात विकली जातात. कितीही धुतली तरी त्यांत खाण्याचे काही लावू नये. पिण्याचे पाणी तर त्यांत मुळीच भरू नये. तेलाचे, चिंचेचे, लोणच्याचे पिंप मिळाले तर ते घ्यावे.

कांडी वीतभर ते हातभर लांबीची, वर्षभर जुन्या, गडद हिरव्या फांदीची असावी. कापल्यावर ती पाच-सात दिवस सावलीत सुकवावी, म्हणजे कापलेले तोंड बुजते. वर-खाली ओळखून सरळ बाजूनेच लावावी, दोन-तीन बोटे खोल, अधिक नाही. कांडी घेताना एक गोष्ट तपासावी. कुंपणाला लावतात तो त्रिधारी निवडुंगही असाच तीन कडांचा दिसतो. त्याला कापले की पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. ड्रॅगन फ्रूटला पांढरा चीक नसतो. चीक आला तर ती कांडी मुलांच्या हाती लागू न देता फेकून द्यावी.

आधार भक्कम हवा, कारण पूर्ण वाढलेला वेल चांगलाच जड होतो. जुना सिमेंटचा खांब मिळाला तर सोने. बांबू दोन पावसाळ्यांत कुजतो. लोखंडी पाइप उन्हात तापतो, त्याला गोणपाट गुंडाळावे. जमिनीत लावणाऱ्यांनी शेवग्याचा किंवा उंदीरमारीचा जिवंत खांब करून पाहावा. आम्ही शेवग्याच्या बाजूचे. तो वाऱ्याने मोडतो हे खरे, म्हणून पाच-सहा फुटांवर दरवर्षी छाटायचा. छाटलेला पाला भाजीला येतो आणि पोषणाच्या दृष्टीने पाहिले तर वर चढलेल्या पाहुण्यापेक्षा हा यजमानच श्रीमंत आहे. वेलाचा एकच जोमदार फुटवा वरपर्यंत न्यावा, बाजूचे काढत जावेत, आणि वर पोचल्यावर शेंडा खुडून फांद्या चहूबाजूंनी खाली लोंबू द्याव्यात. फुले या लोंबणाऱ्या फांद्यांवरच धरतात.

खांबाच्या डोक्यावर फांद्या पेलायला जुने टायर बसवायची पद्धत सगळीकडे आहे. स्वस्त आणि टिकाऊ. पण टायरच्या पोटात पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूचा एडिस डास असल्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. डेंग्यूवर उपाय म्हणून फळ लावायचे आणि त्याच्याच डोक्यावर डेंग्यूचा कारखाना उभारायचा, असे होते. म्हणून टायरला खालच्या बाजूने दर वीतभर अंतरावर बोटभर भोक पाडावे. ते जमत नसेल तर टायर वापरू नये, सायकलची जुनी रिम किंवा लाकडाची फुली बांधावी. कुंडीखाली ताटली, थाळी ठेवू नये. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा, त्या दिवशी घरातली पाण्याची सगळी भांडी रिकामी करून, घासून, उलटी घालावीत. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम चुकवू नये. जिथे टँकरचे पाणी आठवडाभर साठवावे लागते तिथे पिंपे रिकामी करणे शक्य नसते. तिथे पिंपाचे तोंड जुन्या सुती कापडाने घट्ट बांधावे.

रात्रीचे फूल

ज्यांच्या घरी कुंडीतले ब्रह्मकमळ आहे त्यांना हे फूल नवे वाटणार नाही. दोन्ही एकाच कुळातली. ड्रॅगन फ्रूटचे फूल वीतभर मोठे, पांढरेशुभ्र. दिवस मावळल्यावर उघडू लागते, मध्यरात्री पूर्ण उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की मिटते. जूनपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत फुलांचे बहर येत राहतात. वर्षावासाचे तीन महिने म्हणजे याच्या फुलण्याचे दिवस. विहारातले ग्रंथवाचन आटोपून घरी परतेपर्यंत फूल उघडलेले असते.

मूळ देशात रात्री फिरणारे पतंग आणि वटवाघळे याचे परागीकरण करतात. आपल्याकडे ते काम हाताने केलेले बरे, विशेषतः धो-धो पावसाच्या रात्री. मऊ कुंचल्याने किंवा कोरड्या कापसाने एका फुलाचे पिवळे पराग टिपून दुसऱ्या फुलाच्या मधल्या, बोटांसारख्या पसरलेल्या भागावर लावायचे, बस. पांढऱ्याचा लालला, लालचा पांढऱ्याला. रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान किंवा पहाटे उजाडताना. पाऊस असेल तर परागीकरण केलेल्या फुलावर प्लास्टिकची पिशवी सैल टोपीसारखी घालावी आणि सकाळी काढावी.

रात्री परसात जाण्याबद्दल मात्र कडक शब्दांत सांगायला हवे. पावसाळा हा सापांचा काळ. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप आपल्या जिल्ह्यात आहेत. वेलाच्या बुडाशी पालापाचोळा, दगड, विटांचे ढीग ठेवू नयेत. अनवाणी जाऊ नये, बॅटरी आणि काठी बरोबर घ्यावी, मुलांना एकट्याने पाठवू नये. साप चावलाच तर चिरा देऊ नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये, भगताकडे नेण्यात वेळ घालवू नये. चावलेला हात-पाय हलू न देता १०८ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. सर्पविषावरची लस सरकारी दवाखान्यात मिळते. मण्यारचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. म्हणून "काही झाले नाही" म्हणून झोपी जाऊ नये.

परागीकरण साधले तर फुलाचा देठाकडचा भाग हिरवा राहून फुगू लागतो, न साधल्यास चार-सहा दिवसांत पिवळा पडून गळतो. फळ पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास रंग धरते. रंग पूर्ण आल्यावर चार-पाच दिवसांनी काढावे. आधी काढले तर गोडी येत नाही, कारण हे फळ आंब्यासारखे अढीत घालून पिकत नाही. फार उशीर केला तर पावसात तडकते. बुलबुल आणि वटवाघळे टपलेली असतातच, म्हणून रंग धरताच जुन्या साडीच्या कापडाची पिशवी बांधावी. टोचलेले, कुरतडलेले फळ मुलांना देऊ नये. कळ्यांवर मुंग्या येतात, त्या पाण्याने धुवाव्यात. भाताला मारायचे कीटकनाशक घरच्या खाण्याच्या वेलावर, आणि तेही अंगणात मुले खेळत असताना, कधीही मारू नये.

कांडीपासून पहिले फळ यायला दीड ते दोन वर्षे लागतात. कुंडीतल्या वेलाने वर्षाला दहा-पंधरा फळे दिली तरी समाधान मानावे. जमिनीतला खांब तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून त्याहून बरेच जास्त देतो आणि वेल वीस वर्षेही टिकतो. पैशाच्या मोठ्या गणितांवर लगेच विश्वास ठेवू नये. ज्यांच्याकडे स्वतःची जमीन आहे आणि ज्यांना शेती म्हणून करायचे आहे त्यांनी आधी तालुका कृषी कार्यालयात फलोत्पादन अभियानातल्या अनुदानाची माहिती घ्यावी, कर्ज त्यानंतर. एका वर्षात लाखो रुपये देणारी रोपे म्हणून कोणी वस्तीत विकायला आला तर त्याला फळ लागलेला बाग दाखवायला सांगावे.

ज्यांच्या घराला अंगणच नाही त्यांनी विहाराच्या आवारात जागा मागून पाहावी. चार कांड्या, एक खांब, पूर्वेची बाजू, आणि पाणी घालायची पाळी घरांत वाटून घेतलेली. फळ आले की आधी गरोदर बाईला, अंगणवाडीतल्या मुलाला, म्हाताऱ्या माणसाला. नोव्हेंबरात शेवटचा बहर उतरल्यावर आतल्या, दाट झालेल्या, जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. त्यांतल्या निरोगी फांद्यांच्या कांड्या सुकवून सावलीत ठेवल्या तर फेब्रुवारीत पिशव्या भरेपर्यंत चांगल्या राहतात. एका खांबाच्या छाटणीत आठ-दहा घरांना पुरतील एवढ्या कांड्या सहज निघतात.